आधी स्टूल ओढायचं

वहिनी,

महत्त्वाचं आधी. आज दुपारी अडीच वाजता सराव झाला. तुम्ही ठरवलेल्या दिवशी, ठरवलेल्या वेळी, जुईनगरच्या आपल्या बाहेरच्या खोलीत. संगीता दोन मुलींना घेऊन आली होती. परवा त्यांची नर्सिंगची तोंडी परीक्षा आहे. दादा पेशंट झाला. मी घड्याळ घेऊन बसलो. तुम्हाला जाऊन आज नऊ दिवस झाले.

साताऱ्याहून आलेल्या आत्यांना हे पटलं नव्हतं. "सुतकात कसली गं परीक्षा?" असं त्या स्वयंपाकघरातून दोनदा म्हणाल्या. दादा या नऊ दिवसांत 'हो' आणि 'नको' यापलीकडे बोललेला नाही. तो कॉटवर उठून बसला.

"परीक्षा परवा हाय आत्या. ती काय सुतक फिटायची वाट बघत न्हाय. येऊ द्या पोरींना."

मग त्याने बनियनवर शर्ट चढवला, पुन्हा आडवा झाला आणि मला विचारलं, "कुठं दुखतंय मला आज?"

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. संगीताला हसू आवरेना. आत्याही हसल्या, पदर तोंडाला लावून. या घरात नऊ दिवसांनी कोणी हसलं. ही बातमी पहिल्यांदा तुम्हाला द्यायची होती, म्हणून लिहायला बसलो.

आज काय झालं ते सविस्तर सांगणारच आहे. पण त्याआधी आपलं भांडण. ते तुम्ही अर्धवट सोडून गेलात, आणि माझ्या एकट्याकडे ठेवून गेलात.

त्याची सुरुवात तुम्ही नापास झालात त्या दुपारी झाली. दहा वर्षं एएनएमची, म्हणजे सहायक नर्सची, नोकरी करून तुम्ही पूर्ण नर्सिंगच्या कोर्सला बसला होता. वर्गातल्या मुली अठरा-एकोणीसच्या, तुम्ही चौतिशीच्या. नोकरीतल्यांसाठी ठेवलेल्या जागेवर प्रवेश मिळालेला, त्यामुळे संधी मोजक्या. लेखी सगळं सुटलं आणि शेवटच्या वर्षाची तोंडी राहिली. अजून एकदा बसता येणार होतं. तेव्हाही राहिली असती तर परत जुन्या जागेवर, जुन्या कामावर. तुम्ही चप्पल न काढताच दारात बसला होता.

मी विचारलं, प्रश्न काय होता?

"पेशंट कॉटवरून पडला, तर काय कराल?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

तुम्ही सांगायला लागलात. कॉटला कठडा होता का, तो लावायचं काम कोणाचं, आदल्या पाळीची सिस्टर सांगून गेली होती का, फरशी ओली होती का, तसं असेल तर मावशींना बोलवून... मी तीन मिनिटं ऐकलं आणि म्हणालो, "वहिनी, पेशंट अजून खालीच पडलाय."

तुम्ही माझ्याकडे बघितलं. राग येईल असं वाटलं होतं. पण तुम्ही हसायला लागलात, आणि मग हसता हसता डोळे पुसायला लागलात. "परीक्षक बाईंना पण तेच वाटलं असणार," तुम्ही म्हणालात. "बेल वाजवली. पेशंटला उचलायच्या आधीच."

मी वर्तमानपत्रात बातम्या कापायचं काम करतो. दुसऱ्यांनी लिहून आणलेल्यातलं नको ते काढायचं आणि सगळ्यात महत्त्वाचं ते पहिल्या वाक्यात आणायचं. वाचणारा पहिल्या वाक्यानंतर उठून गेला तरी बातमी त्याच्यासोबत गेली पाहिजे. मी म्हणालो, तुमच्या उत्तरांचं हेच करू. पहिलं वाक्य म्हणजे तुम्ही पहिली करणार ती कृती. कारणं नंतर. बाईंनी तिथे थांबवलं तरी मार्क पदरात.

दुसऱ्या दिवसापासून अडीच ते चार सराव सुरू झाला. तुमची सकाळपाळी संपलेली, माझी संध्याकाळची सुरू व्हायची. मार्केटला गोण्या वाहून दादा दुपारी घरी यायचा, म्हणून पेशंट तो. आतल्या खोलीतलं गजराचं घड्याळ बाहेर आलं. एका उत्तराला एक मिनिट. माझ्या हातात ऑफिसातली लाल पेन्सिल आणि गाईड. गाईडमध्ये मागच्या पानांवर उत्तरं छापलेली.

संगीता दुसऱ्या आठवड्यात आली. तीही तुमच्याबरोबरच तोंडीत नापास झालेली. उरणहून दोन बस बदलून यायची, दारात पोचेपर्यंत घामाघूम. तिला सगळं पाठ होतं, फक्त बोलता येत नव्हतं.

"ताई, बाई समोर आल्या का माजं तोंडच बंद होतं. मना सगलं येतंय, पन शुद्ध बोलाला गेलू का सगलं जातंय."

"मग अशुद्ध बोल," तुम्ही तिला सांगितलंत. "तापलेल्या अंगावर ओली पट्टी ठेवायची, ती शुद्ध भाषेत ठेवतात व्हय?"

दादासारखा वाईट पेशंट मी बघितला नाही. कॉटवर पाठ टेकली की दोन मिनिटांत घोरायला लागायचा. "पेशंट बेशुद्ध!" तुम्ही ओरडायचा. संगीता नाडी बघायची. दादा डोळे न उघडता म्हणायचा, "चहा दिला तर शुद्धीवर येईन."

आणि ते लोखंडी स्टूल. त्याच्या दोन पायांची रबरं गेलेली. तुम्ही प्रत्येक उत्तराला ते भिंतीपासून कॉटपर्यंत ओढत न्यायचा. फरशीवर असा आवाज व्हायचा की खालच्या मजल्यावरचे काका छताला काठी आपटायचे. तीन वेळा. मी स्टूल परत भिंतीला लावायचो. पुढच्या उत्तराला तुम्ही परत ओढायचा. मी म्हणायचो, वहिनी, तोंडी परीक्षा उभ्याने असते. तुम्ही म्हणायचा, परीक्षा उभ्यानं असंल, पेशंट आडवा असतोय.

चार पेशंटच्या प्रश्नावर तुम्ही मला पाडलंत ते आठवतंय? एकाच वेळी चौघे. एकाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालंय, तो वेदनेने ओरडतोय. एकीला पाणी हवंय. एकाला घरी जायचा कागद हवाय. आणि एक म्हातारे, सकाळपासून सगळ्यांशी गप्पा मारत होते, ते आता गप्प आहेत. आधी कोणाकडे जाल?

मी गाईड न बघता म्हणालो, ओरडणाऱ्याकडे.

"व्वा! पेपरवाले ना तुम्ही. ओरडंल त्याची बातमी." तुम्ही टाळीच वाजवलीत. "भावजी, जो ओरडतोय त्याचा श्वास चालू हाय. म्हातारं का गप बसलं ते आधी बघा."

मागचं पान उलटलं. उत्तर क्रमांक चार, म्हातारे. संगीताने कॉटची कड थोपटली, दादा जागा झाला आणि म्हणाला, "काय झालं? पास झाली?" त्या दिवशी ऑफिसात मी आलेल्या बातम्या दोनदा चाळल्या. कोण गप्प आहे ते बघत होतो.

एका प्रश्नावर मात्र आपण तिघे एका सुरात बोललो. डॉक्टरांनी लिहिलेला डोस नेहमीच्या दहापट वाटतोय, काय कराल? संगीता तिच्या बोलीत ताडकन म्हणाली, "नाय देनार! आदी इचारनार, मंग लिवून घेनार!" एका मिनिटातले दहा सेकंदही संपले नव्हते. मी लाल पेन्सिल खाली ठेवून उभा राहिलो. आमच्याकडेही असंच आहे. आकडा विचित्र दिसला की छापायचा नाही, फोन करायचा. तुम्ही संगीताच्या पाठीत धपाटा घातलात. "आलं की गं तोंड उघडायला!" त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं, दोघी होतील. ऑफिसात बसमधून जाताना मी स्वतःशीच प्रश्न विचारत होतो आणि उत्तरं देत होतो. शेजारचा माणूस उठून पुढच्या सीटवर बसला.

आणि मग तो प्रश्न आला. गाईडच्या शेवटच्या भागातला. 'पेशंट विचारतो: सिस्टर, मी यातून उठेन का? परिचारिकेने काय करावे?'

तुम्ही स्टूल ओढलंत. खालून काठी आपटली. तुम्ही बसलात आणि म्हणालात, "आधी बसेन."

मी वाट बघितली. "पुढे?"

"मग विचारेन, तुम्हाला काय वाटतंय? आणि ऐकेन."

गाईडचं उत्तर होतं: 'धीर द्यावा, याबाबत डॉक्टरांना विचारावे असे सांगावे व डॉक्टरांना कळवावे.' तुमच्या वहीत मी 'आधी बसेन' वर लाल रेघ मारली. बसणं ही काही कृती नाही, मी म्हणालो. ती कृतीआधीची हालचाल आहे. पहिलं वाक्य वाया जातंय.

"भावजी, तुम्ही कधी ॲडमिट झालायसा?"

"नाही."

"म्हणून रेघ मारताय."

ती रेघ मी चार वेळा मारली. तुम्ही चार वेळा तेच लिहिलंत. परीक्षेच्या सकाळी दादाने तुमच्या हातावर दही ठेवलं तेव्हा मी शेवटचं सांगितलं, हा प्रश्न आलाच तर गाईडमधलं सांगा, वाद घालायची ही जागा नाही, ही शेवटची संधी आहे. तुम्ही मान हलवलीत. मी त्यावर विश्वास ठेवला.

त्या दिवशी मी रजा टाकली होती. साडेचारला जिन्यात चपलांचा आवाज आला. तुम्ही तीन मजले धावत आला होता. दारात उभं राहून, धापा टाकत म्हणालात, "आला! भावजी, तोच आला!"

दादा म्हणाला, "आगं, आधी पाणी पी."

पाणी न पिताच तुम्ही सगळं सांगितलंत. मी ते तेव्हा लगेच लिहून ठेवलं होतं, सवयीने. बाईंनी चष्म्यावरून बघत तो प्रश्न विचारला. तुम्ही म्हणालात, आधी बसेन.

"बसाल? ड्यूटीवर?"

"हो बाई. उभं राहून विचारलं की पेशंटला वाटतं, ही निघालीय."

"आणि वॉर्डातले बाकीचे तीस पेशंट?"

"दोन मिनिटं बसेन बाई. त्याला काय वाटतंय ते विचारेन, ऐकेन. मग डॉक्टरांना कळवेन आणि नोंद करेन. न बसता कळवलं तर काय कळवू?"

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, पुढचा प्रश्न.

"चेहरा कसा होता त्यांचा?" मी विचारलं.

"चेहरा न्हवताच. चष्मा होता."

मी डोक्याला हात लावला. दादा मात्र उठून उभा राहिला. त्याला प्रश्न कळला नव्हता, उत्तरही पुरतं कळलं नव्हतं. तो म्हणाला, "लय भारी बोललीस."

निकालाच्या दिवशी तुम्ही जायला नकार दिलात. "तुम्ही जा. तुम्हाला वाईट बातम्यांची सवय हाय." संगीता आणि मी नर्सिंग स्कूलच्या फळ्यापाशी उभे होतो. शिपायाने कागद चिकटवेपर्यंत संगीताने माझ्या शर्टाची बाही धरून ठेवली होती. मी नंबर एकदा बघितले. पुन्हा बघितले. तिने माझं बोट बाजूला सारलं, स्वतःचं कागदावर फिरवलं, आणि असं काही किंचाळली की शिपाई म्हणाला, बाई, हॉस्पिटल आहे हे!

आम्ही दोघे रस्त्यापलीकडच्या पीसीओकडे पळालो. मी खालच्या दुकानात फोन लावला. दुकानदाराने तुम्हाला हाक मारली. तुम्ही येईपर्यंत काचेपलीकडे संगीता उड्या मारत होती. मी पहिलं वाक्य जुळवून ठेवलं होतं. पण फोन उचलताच तुम्हीच विचारलंत, "संगीता झाली का?"

"दोघी," मी म्हणालो.

"परत सांगा."

"दोघी पास, वहिनी. दोघी."

मग फोनमध्ये दुकानदाराचा आवाज आला, काय झालं म्हणून विचारणारा, आणि मागून तुमचा, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असा. एवढी चांगली बातमी मी त्यानंतर कुठे दिली नाही.

तेव्हापासून आपलं भांडण खरं जुंपलं. मी म्हणायचो, तुम्ही त्या उत्तरामुळे पास झाला नाही, ते उत्तर देऊनही पास झालात. बाकीचे प्रश्न बरोबर होते. तुम्ही म्हणायचा, त्याच उत्तरानं झाले. त्या प्रश्नाला किती मार्क दिले ते कुठेच लिहिलेलं नव्हतं, म्हणून कोणालाच हरता येईना. दिवाळीला फराळाचं ताट पुढे करताना तुम्ही विचारायचा, "मानलं का?" मी म्हणायचो, "पुरावा?" आणि तुम्ही चकल्या कमी वाढायचा.

आता पुराव्याचं सांगतो. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

शेवटच्या आठवड्यात, तुम्ही जिथे ड्यूटी केलीत त्याच वॉर्डात तुम्ही कॉटवर होता. दुपार होती. दादा जेवायला गेला होता. मी कॉटच्या पायथ्याशी उभा होतो. तुम्ही डोळे उघडलेत आणि विचारलंत, "भावजी, मी यातनं उठत न्हाय न्हवं?"

मी म्हणालो, "डॉक्टरांना विचारून येतो."

शब्द गाईडचेच होते. मी खरंच बाहेर गेलो. डॉक्टर जागेवर नव्हते. मी त्यांच्या रिकाम्या टेबलापाशी थांबलो, भिंतीवरचं पाळ्यांचं वेळापत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. परत आलो तेव्हा तुमच्याजवळ संगीता होती. पांढऱ्या गणवेशातली, तीस पेशंटची जबाबदारी असलेली संगीता. ती स्टुलावर बसली होती आणि तुमचा हात तिच्या हातात होता.

"तुला काय वाटतंय ताई?" ती विचारत होती.

आणि तुम्ही बोलत होता. पहिल्यापासून, गोष्टीसारखं. दादाला चहाचा डबा कुठे असतो ते माहीत नाही. त्याला रात्री कूस बदलल्याशिवाय झोप येत नाही, पण बोललं की बोलत बोलत झोपतो, म्हणून त्याच्याशी कोणीतरी बोललं पाहिजे. पोरींची परीक्षा जवळ आली, त्यांचा सराव राहिलाय. भीती वाटते, पण दुपारी कमी वाटते. तिच्या जागी मी असतो तर यातलं अर्धं कापलं असतं. संगीताने एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही.

मग तुम्हाला मी दारात दिसलो. तुम्ही हसलात.

"काय भावजी? मारताय का लाल रेघ?"

तेव्हा म्हणायला हवं होतं. तीनच शब्द होते, 'वहिनी, मी चुकलो.' मी म्हणालो, "पाळीला उशीर होतोय," आणि निघालो. तुम्हाला वाटलं असेल, हा उभाच होता, निघालेलाच.

तर आजचा सराव.

प्रश्नांची यादी तुमच्या अक्षरातली, संगीताने सांभाळून ठेवलेली. दोन्ही मुली चांगल्या आहेत. उलवे बाजूची जी आहे ती गोंधळते, पण डोसच्या प्रश्नाला अडली नाही. दिघ्याची मनीषा हुशार आहे. चार पेशंटमधले म्हातारे तिने पाच सेकंदांत शोधले आणि दादा कॉटवरून "शाब्बास!" ओरडला. आत्या चहा घेऊन आल्या त्या दारातच थांबल्या, ट्रे हातात घेऊन, पुढचा प्रश्न ऐकायला. तुमच्या वेळचाच उत्साह होता खोलीत. मी पेन्सिलीला टोक करून घेतलं.

यादीत शेवटचा प्रश्न तो होता. मी कागदाची घडी घातली आणि म्हणालो, आज इतकं पुरे.

"एक राहिला की," दादा म्हणाला. त्याला यादी पाठ आहे. त्याने छताकडे बघत विचारलं, "सिस्टर, मी यातनं उठंन का?"

मी एका मिनिटाचा गजर लावला. मनीषा ताठ उभी राहिली, हात मागे बांधले, आणि एका दमात म्हणाली, "धीर देईन, डॉक्टरांना विचारा असं सांगेन आणि डॉक्टरांना कळवेन."

गाईडप्रमाणे बरोबर. तिने माझ्याकडे बघितलं. संगीताही माझ्याकडे बघत होती. तिला उत्तर माहीत होतं. आत्याही थांबल्या होत्या. घड्याळाची टिकटिक चालू होती.

मी लाल पेन्सिल खाली ठेवली. उठलो, भिंतीपाशी गेलो, आणि ते स्टूल कॉटपर्यंत ओढत आणलं. उचलूनही आणता आलं असतं.

खालून काठी आपटली. तीन वेळा.

"आलं काकांचं," दादा म्हणाला. "बस, पोरी."

मनीषा बसली. हात कुठे ठेवायचे ते तिला कळेना, तिने ते कॉटच्या कडेवर ठेवले. मग वेगळ्याच, हळू आवाजात तिने विचारलं, "काय वाटतंय तुम्हाला?"

दादा तिच्याकडे कुशीवर वळला. मग बोलायला लागला. चहाचा डबा सापडत नाही इथपासून.

मिनिट संपलं आणि गजर झाला. मी तो बंद केला.